शंटिंगच्या इंजिनाचे परीक्षण

आपल्याकडे नाटकाचे परीक्षण होते, पुस्तकाचे होते, गवयाच्या बैठकीचेही होते. यंत्राचे मात्र होत नाही. यंत्राविषयी लिहायचे तर दोनच सूर ठाऊक: एक उद्घाटनाच्या बातमीचा, दुसरा अपघातानंतरच्या बातमीचा. या दोहोंच्या मध्ये यंत्र तीस-चाळीस वर्षे राबत असते, आणि ते नेमके कशासाठी बनवले, त्यासाठी ते योग्य होते का, हा प्रश्न कोणी विचारत नाही. शाळेत भौतिकशास्त्र शिकवणाऱ्यांनी तरी तो विचारावा असे आम्हांला वाटते. त्यासाठी लागणारे गणित नववीच्या पुस्तकात आहे.

परीक्षणासाठी आम्ही भारतीय रेल्वेचे डब्ल्यूडीएस-६ हे इंजिन निवडले आहे. मोठ्या यार्डात डबे जोडताना, सोडवताना, रिकामी गाडी धुण्याच्या मार्गावर ढकलत नेताना ज्यांनी काळा धूर सोडणारे, एका टोकाकडे केबिन आणि पुढे लांबलचक बॉनेट असलेले डिझेल इंजिन पाहिले असेल, त्यांनी बहुधा हेच पाहिले. नावाचा उलगडा सोपा आहे. डब्ल्यू म्हणजे रुंदमापी रूळ, डी म्हणजे डिझेल, एस म्हणजे शंटिंग आणि ६ हा केवळ नमुन्याचा क्रमांक. (डब्ल्यूडीएम-३ए मधला ३ हजारांत अश्वशक्ती सांगतो, तसे येथे नाही. नावे देणाऱ्यांनी मध्येच नियम बदलला, त्याचा ताप मुलांना होतो.) वाराणसीच्या डिझेल इंजिन कारखान्यात, म्हणजे २०२० पासून ज्याला बनारस रेल इंजिन कारखाना म्हणतात तेथे, १९७० च्या दशकाच्या मध्यावर हा वर्ग तयार झाला. सहा सिलिंडरांचे ॲल्को इंजिन, सुमारे १३५० अश्वशक्ती, सहा आस, वजन सुमारे १२६ टन. डिझेल इंजिन जनित्र फिरवते, जनित्राची वीज आसांवरच्या मोटरींना जाते आणि मोटरी चाके फिरवतात.

हा द्राविडी प्राणायाम कशासाठी? डिझेल इंजिन सरळ चाकांना का जोडत नाहीत? वर्गात हा प्रश्न आला की अनेकदा 'विजेमुळे ताकद वाढते' असे उत्तर दिले जाते. ते चूक आहे. विजेच्या वाटेने शक्ती वाढत नाही, थोडी वायाच जाते; शंभरातली साधारण ऐंशी चाकापर्यंत पोहोचते असे धरू. खरी अडचण वेगळी आहे. डिझेल इंजिन थांबलेले असताना त्याला पीळ अजिबात नसतो. ते ठरावीक फेऱ्यांच्या वर फिरत असेल तरच काम करते. आगगाडीला मात्र सर्वांत जास्त ओढ लागते ती गाडी उभी असताना. फिरणारे इंजिन आणि उभे चाक यांची गाठ घालायची तर मध्ये काहीतरी हवे. मोटारगाडीत क्लच ते काम करतो, पण हजार टनांच्या गाडीला क्लच लावला तर तो पहिल्याच दिवशी जळेल. एकसर जोडणीची विद्युत मोटर नेमकी उलट स्वभावाची असते. ती उभी असतानाच सर्वांत जास्त विद्युतप्रवाह घेते आणि सर्वांत जास्त पीळ देते. वेग वाढला की पीळ कमी होतो. गाडीला हवे ते हेच.

आता गणिताकडे येऊ. इंजिन किती ओढू शकते, याला दोन वेगवेगळ्या मर्यादा आहेत आणि आमच्या मते अध्यापनातला सारा घोटाळा या दोन मर्यादा एकच समजण्यात आहे. पहिली मर्यादा घर्षणाची. चाक आणि रूळ यांच्यातला घर्षण गुणांक कोरड्या रुळावर ०.२५ धरला, तर १२६ टनांचे इंजिन ३१.५ टन वजनाइतकी ओढ देऊ शकते. न्यूटनमध्ये सांगायचे तर सुमारे ३०९ किलोन्यूटन. याहून जास्त पीळ दिला तर चाके जागीच गरगरतात. मग चालक रुळावर वाळू सोडतो, तेवढाच गुणांक वाढतो. या मर्यादेत अश्वशक्तीचा कोठेही संबंध नाही. इंजिनात तेरा हजार अश्वशक्ती भरली तरी १२६ टनांचे इंजिन ३१.५ टनांपलीकडे ओढणार नाही.

दुसरी मर्यादा शक्तीची. शक्ती म्हणजे बल गुणिले वेग. १३५० अश्वशक्ती म्हणजे जवळजवळ १००० किलोवॅट, पैकी चाकांपर्यंत ८०० किलोवॅट आली असे समजा. ८०० भागिले ३०९ केले की वेग येतो सेकंदाला २.६ मीटर, म्हणजे ताशी सुमारे सव्वानऊ किलोमीटर. या वेगाच्या खाली इंजिनाची पूर्ण शक्ती वापरताच येत नाही, कारण घर्षण आडवे येते. या वेगाच्या वर घर्षण शिल्लक राहते, पण शक्ती पुरत नाही. आणि गाडी उभी असते त्या क्षणी, जेव्हा ओढ सर्वांत जास्त असते, तेव्हा वेग शून्य असल्याने गाडीला दिली जाणारी शक्ती शून्य असते! शिक्षकांच्या शिबिरात हे सांगितले की दरवेळी कुजबुज होते. सूत्र सगळ्यांना पाठ असते, पण त्या सूत्राचा एवढा साधा अर्थ कोणी त्यांना दाखवलेला नसतो. पाठ्यपुस्तकातली उदाहरणे 'एक इंजिन एकसमान वेगाने जात आहे' अशी सुरू होतात. शंटिंगचे इंजिन एकसमान वेगाने कधीच जात नाही, हीच त्याची गंमत आहे.

हा हिशोब हाताशी धरून आता इंजिन तपासू. कोळशाच्या ५८ भरलेल्या वाघिणींची एक गाडी सुमारे ४७०० टनांची असते. चंद्रपूर किंवा कोराडीच्या वीजकेंद्रांकडे जाणारी लांब गाडी रुळाशेजारच्या गावांतून सर्वांनी पाहिली आहे. सपाट रुळावर सुटताना टनामागे ४ किलो अडथळा धरला, तर इंजिन धरून सुमारे १९.३ टन ओढ लागेल. ३१.५ टन उपलब्ध आहेत, गाडी सुटेल. आता रूळ ४०० मीटरला १ मीटर चढतो असे समजा. डोळ्यांना असा चढ दिसतही नाही. पण ४८२६ टनांचा चारशेवा भाग म्हणजे १२.१ टन ओढ आणखी लागली. बेरीज ३१.४ टन. इंजिन अक्षरशः काठावर आले. गाडीला गती देण्यासाठी हातात काही उरले नाही आणि रुळावर दव पडले असेल तर प्रश्नच मिटला. याचा अर्थ असा की जड मालगाड्यांची मोडतोड आणि जुळवाजुळव करण्यासाठी १२६ टन वजन हे लाड नव्हते, गरज होती. त्या कामासाठी इंजिन चांगले बेतले होते, यात आम्हांला शंका नाही.

त्यामागे आणखी एक शहाणपण होते आणि त्याचे श्रेय द्यायला हवे. वाराणसीत १९६४ पासून डब्ल्यूडीएम-२ ही २६०० अश्वशक्तीची इंजिने तयार होत होती. त्यांच्या ॲल्को इंजिनाला सोळा सिलिंडर. शंटिंगसाठी त्याच घराण्यातले सहा सिलिंडरांचे इंजिन घेतले. सिलिंडर त्याच मापाचा. म्हणून कारागिरांचा हात बसलेला, हत्यारे ओळखीची, सुट्या भागांचा साठा समाईक. परकीय चलनाची चणचण असलेल्या त्या काळात नवीन घराण्याचे इंजिन आणणे म्हणजे नवे दुखणे ओढवून घेणे होते. यंत्राचे मोल नुसते यंत्राकडे पाहून ठरत नाही, त्याला दुरुस्त करणारी माणसे कोण आहेत यावरही ठरते.

मग आमची तक्रार काय? तक्रार अशी की ज्या कामासाठी हे इंजिन बेतले ते काम दहा वर्षांच्या आत पातळ झाले. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपासून भारतीय रेल्वेने सुट्या वाघिणींची वाहतूक कमी करत आणली आणि एका ठिकाणी भरून दुसऱ्या ठिकाणी रिकामी करायची अशी अखंड मालगाडी चालवण्याचे धोरण धरले. सुट्या वाघिणी नाहीत म्हणजे त्यांची वाटणी नाही, आणि वाटणी नाही म्हणजे मोठमोठी यार्डे ओस. धोरण म्हणून ते योग्यच होते. वाघीण यार्डात दिवसच्या दिवस पडून राहायची ते थांबले. पण शंटिंगची इंजिने वाराणसीत तयार होतच राहिली, आणि त्यांतली पुष्कळशी प्रवासी गाड्यांच्या यार्डांत गेली. कारखाने, बंदरे, वीजकेंद्रे यांच्या सायडिंगमध्ये गेलेल्यांना जड काम मिळाले, त्यांच्याविषयी बोलत नाही.

प्रवासी गाडीचे गणित करून पाहा. रिकामी गाडी १००० टन, इंजिन धरून ११२६ टन. सपाट रुळावर २० सेकंदांत सेकंदाला २ मीटर वेग द्यायचा आहे. यार्डात याहून घाई कोणी करू नये. प्रवेग ०.१ येतो. त्यासाठी ११३ किलोन्यूटन आणि अडथळ्यासाठी ४४, मिळून १५७ किलोन्यूटन, म्हणजे १६ टन. उपलब्ध ओढीच्या निम्मी. शेवटच्या क्षणी लागणारी शक्ती ३१४ किलोवॅट, म्हणजे ८०० च्या दोन-पंचमांश. त्यानंतर तर नुसते लोटायचेच असते.

याच कामाला त्या वेळी रेल्वेकडे दुसरे इंजिन होते. १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून चित्तरंजनला तयार होणाऱ्या डब्ल्यूडीएस-४ या वर्गाची वजने ६० टनांच्या आसपास आणि शक्ती वेगवेगळ्या नमुन्यांत ६०० ते ७०० अश्वशक्ती. त्यात वीज नाही, तेलाच्या प्रवाहातून पीळ चाकांकडे जातो. ६० टनांना त्याच गुणांकाने १५ टन ओढ मिळते. १०६० टनांच्या एकूण वजनावर अडथळा वजा जाता प्रवेग पुन्हा जवळजवळ ०.१ येतो! म्हणजे निम्म्या वजनाचे, निम्म्या शक्तीचे इंजिन तीच गाडी तेवढ्याच वेळात हलवते. याच्या बाजूने एवढे म्हटल्यावर हेही सांगितले पाहिजे की तेलाच्या गिअरपेटीची देखभाल करणारे कारागीर वेगळे, सुटे भाग वेगळे. वर ज्या समाईकपणाची स्तुती केली तो येथे नाही. पण 'मोठे असलेले बरे, कधी लागलेच तर' हा आपल्या घरांतल्या माळ्यावरच्या भांड्यांना लावायचा विचार इंजिनाला लावला, तर त्याची किंमत रोज डिझेलमध्ये मोजावी लागते.

कशी, ते पाहा. शंटिंगचे इंजिन दिवसाचा पुष्कळ भाग उभे राहून धडधडत असते. ते बंद का करत नाहीत? कारण ब्रेकला हवा पुरवणारा कॉम्प्रेसर मुख्य इंजिनाच्याच दांड्यावर चालतो. इंजिन बंद केले की हवा हळूहळू गळते आणि पुन्हा सुरू करायचे तर जनित्रालाच मोटर बनवून बॅटरीच्या जोरावर एवढे धूड फिरवावे लागते. बॅटरी जुनी असेल तर चालकाला धास्ती. म्हणून इंजिन चालूच ठेवायचे. सोळा सिलिंडरांचे मुख्य इंजिन नुसते उभे असताना तासाला २५ लिटर डिझेल खाते आणि त्याऐवजी छोटे साहाय्यक इंजिन बसवले तर ३ लिटरांत भागते, असा आकडा रेल्वेने २०१० च्या दशकात अशी साहाय्यक इंजिने बसवायला घेतली तेव्हा दिला होता. सहा सिलिंडरांच्या धाकट्या भावाची भूक कमी असणार, पण उभे राहण्याचे तास त्याच्याच वाट्याला जास्त. मुख्य मार्गावरच्या इंजिनाआधी हा उपाय शंटिंगच्या इंजिनाला सुचायला हवा होता, असे आमचे मत आहे.

धुराचे कारणही यातच आहे. या इंजिनाला जादा हवा कोंबण्यासाठी टर्बोचार्जर असतो आणि तो इंजिनातून बाहेर पडणाऱ्या वायूंवर फिरतो. इंजिन मंद चालत असताना वायू कमी, म्हणून टर्बोचार्जर सुस्त. अशात चालकाने एकदम डिझेल वाढवले की ते लगेच पोहोचते, हवा मात्र मागाहून येते. मधल्या काही सेकंदांत डिझेल अर्धवट जळते आणि काळा लोट वर जातो. लांब पल्ल्याच्या गाडीला हे प्रवासातून काही वेळा घडते. शंटिंगला ते दर दहा मिनिटांनी घडते. टर्बोचार्जर हे सतत भार उचलणाऱ्या इंजिनाचे भूषण आहे. थांबत-थांबत काम करणाऱ्याच्या अंगावर ते सासऱ्याच्या कोटासारखे दिसते.

तुलनेसाठी ब्रिटिश रेल्वेचा क्लास ०८ घेऊ. १९५२ ते १९६२ या काळात अशी ९९६ इंजिने तयार झाली आणि काही आजही कामात आहेत. तीन आस, वजन सुमारे ४९ टन, शक्ती अवघी ३५० अश्वशक्ती, पैकी चाकांवर २६०, म्हणजे १९४ किलोवॅट. कमाल ओढ मात्र १५६ किलोन्यूटन, जवळजवळ १६ टन. वजनाशी गुणोत्तर काढा: ०.३२ येते. आमच्या हिशोबातल्या ०.२५ पेक्षा हे बरेच जास्त आहे. त्याला एक कारण असे की या इंजिनाची तिन्ही आसांची चाके बाहेरून दांड्यांनी एकमेकांना जखडलेली असतात, जुन्या वाफेच्या इंजिनासारखी. इंजिन जोर लावते तेव्हा पुढच्या आसावरचा भार थोडा कमी होऊन मागे सरकतो. प्रत्येक आसाला स्वतंत्र मोटर असेल तर ते हलके झालेले पुढचे चाक एकटेच घसरते. दांड्यांनी बांधलेले चाक एकटे घसरूच शकत नाही. घसरायचे तर सगळ्यांनी मिळून. दिसायला जुनाट असलेली ही युक्ती डब्ल्यूडीएस-६ ला नाही. १९४ भागिले १५६ केले तर सेकंदाला सव्वा मीटर, ताशी साडेचार किलोमीटर. म्हणजे माणसाच्या चालीच्या वेगालाच या इंजिनाची सगळी शक्ती कामी लागते. कामाच्या मापाने कापड बेतणे म्हणतात ते हे. याची दुसरी बाजू अशी की हे इंजिन यार्डाबाहेर निरुपयोगी आहे. नमुन्यानुसार ताशी २४ ते ३२ किलोमीटरच्या पुढे ते जात नाही. आमचे इंजिन वेळ पडली तर एका स्टेशनावरून दुसऱ्यापर्यंत वाघिणी नेऊ शकते. आणि ब्रिटिश वाघिणी त्या काळी लहान व हलक्या होत्या, ४७०० टनांपुढे क्लास ०८ ने हात टेकले असते.

आमचा सर्वांत गंभीर आक्षेप मात्र डिझेलचा नाही. शंटिंगमध्ये इंजिन आणि डबा यांच्यामध्ये माणूस उतरतो. सांधेवाला कपलिंग अडकवायला किंवा सोडवायला बफरांच्या मध्ये जातो, आणि इंजिन काही सेंटिमीटर पुढे किंवा मागे सरकले तर त्याचा जीव जातो. ९ नोव्हेंबर २०२४ रोजी बरौनी जंक्शनवर एक रेल्वे कर्मचारी असाच इंजिन व डबा यांच्यात चिरडून मेला. ते इंजिन कोणत्या वर्गाचे होते हा येथे मुद्दा नाही. मुद्दा असा की शंटिंगच्या इंजिनाची खरी परीक्षा शून्य ते ताशी दोन किलोमीटर या पट्ट्यात होते, आणि तपशीलपत्रकात त्या पट्ट्याविषयी एक ओळ नसते. अश्वशक्ती असते, कमाल वेग असतो. हात हलका केला तर इंजिन किती सेंटिमीटर सरकते, हे नसते. ॲल्को घराण्याच्या इंजिनांत शक्ती आठ पायऱ्यांनी वाढवतात, त्यांना नॉच म्हणतात. हजार टनांची गाडी मागे असताना पहिली पायरी सौम्य असते. इंजिन एकटेच डब्याला टेकायला जात असते तेव्हा तीच पायरी दांडगी ठरते. बल तेच, वस्तुमान नवव्या भागाइतके, म्हणून प्रवेग जवळजवळ नऊ पट. न्यूटनचा दुसरा नियम शिकवायला याहून कडू उदाहरण नसेल.

त्यात केबिन एका टोकाकडे. लांब बॉनेट पुढे ठेवून इंजिन डब्याकडे जाते तेव्हा चालकाला बॉनेटच्या पलीकडचा बफर दिसत नाही, आणि तेथे उभा असलेला माणूसही नाही. तो सर्वस्वी बाजूने दाखवल्या जाणाऱ्या बावट्यावर किंवा दिव्यावर अवलंबून असतो. केबिन मध्यभागी आणि दोन्ही बाजूंना ठेंगणी बॉनेटे, अशी रचना जगात कित्येक शंटिंग इंजिनांना आहे. उत्तर अमेरिकेत तर पट्ट्याला नियंत्रक बांधून जमिनीवर उभा असलेला माणूसच इंजिन चालवतो. ज्याला डबा दिसतो त्याच्याच हातात इंजिन. या पद्धतीविषयीही वाद आहेत, पण पाहणारा आणि चालवणारा एकच असावा हा विचार आम्हांला पटतो.

आता विद्युतीकरणामुळे डिझेल इंजिने झपाट्याने निवृत्त होत आहेत आणि वंदे भारतसारख्या दोन्ही टोकांना चालक-केबिन असलेल्या गाड्यांना टोकाला इंजिन बदलावे लागत नाही. तरी यार्डातले काही रूळ, दुरुस्तीच्या शेड आणि कारखान्यांची सायडिंगे येथे डोक्यावर तार नसते, किंवा ठेवताच येत नाही. क्रेनने वरून कोळसा काढायचा तेथे तार कशी ओढणार? २०२० मध्ये जबलपूर विभागाने जुन्या विद्युत इंजिनात बॅटरी बसवून तारेखाली तारेवर आणि तारेबाहेर बॅटरीवर चालणारे शंटिंग इंजिन तयार केले, त्याला नवदूत असे नाव दिले. उभे असताना ते काही जाळत नाही, ही मोठीच गोष्ट. बॅटरी जड असते म्हणून मोटारगाडीवाले कुरकुरतात. शंटिंगला वजन हवेच असते, हे वर आलेच आहे. त्या इंजिनाचेही असेच परीक्षण व्हावे. पहिला प्रश्न किती किलोवॅट हा न विचारता, पहिल्या पायरीवर एकटे इंजिन किती सरकते आणि चालकाला दोन्ही बफर दिसतात का, येथून सुरुवात करावी.